वंशवृक्षाची फ्रेम, सीताबर्डी: प्रिंट झकास, पण आमचं गोत काश्यप कधी झालं बे?

बाबांच्या एकसष्टीला काय द्यायचं ते सुचून नव्हतं राहिलं, बायको म्हणाली वंशवृक्षाची फ्रेम द्या, तिच्या माहेरी आहे तशी. मोदी नंबर तीनच्या गल्लीत एक दुकान आहे, नाव मुद्दाम टाकत नाही, पोरगं मेहनती आहे, उगाच त्याचा धंदा नको बसायला. ॲक्रिलिकवर करून देतात, १८ बाय २४ ची १,८०० ला, चार दिवसात. माझ्यासोबत ऑफिसातले पाजीपण आले, मूळचे गुरदासपूरकडचे, लबाना शीख, त्यांनाही गावच्या घरी लावायला एक पाहिजे होती.

प्रिंट एक नंबर, त्यात वाद नाही. अक्षर ठसठशीत, बाबांनी चष्म्याशिवाय वाचलं, वर आमच्या बंजारा समाजाचे संत सेवालाल महाराज यांचा फोटोही मस्त बसवला.

आता घोळ ऐका. फॉर्ममध्ये रकाने चारच, आडनाव, गोत्र, कुलदैवत, देवक. मी आडनाव जाधव आणि गोत्रात वडत्या लिहिलं, आम्ही गोर बंजारा, आमच्यात जाधव म्हणजे वडत्या, आणि त्याच्याखाली परत पाडे, म्हणजे पोटशाखा, असतात. राठोडांचे २७, पवारांचे १२, चव्हाणांचे ६ असं म्हातारे बोटावर मोजून सांगतात, सोयरीक जुळवताना पहिला प्रश्न तोच. आता फॉर्ममध्ये पाड्याला जागाच नाही तर तो मी कुठं लिहू? त्यात पोराला वडत्या म्हणजे टोपणनाव वाटलं, त्यानं ते उडवून काश्यप टाकलं. विचारलं तर म्हणे भाऊ, ज्याचं माहीत नसते त्याचं काश्यपच टाकतो आम्ही. आज्याच्या नावापुढं नाईक होतं तर विचारते, आडनाव बदललं का तुमचं? अरे बाप्पा, नाईक म्हणजे तांड्याचा मुखिया, मान आहे तो! वसंतराव नाईकांचं घराणंही मुळात राठोडच.

पाजींचं तर विचारूच नका. घरातल्या बायांच्या नावापुढं कौर बघून पोरानं सगळ्यांच्या खाली "माहेर: कौर" छापलं, म्हणजे आजीपासून भावजयीपर्यंत सगळ्या एकाच घरातून आणल्या, आणि पाजींची सख्खी मुलगीपण माहेरची कौर! पाजी आधी खूप हसले, मग गप्प झाले. म्हणाले आमच्यात सिंग कौर सगळ्यांनाच, कागदावर कोणी लबाना लिहिते, कोणी लुबाना, कोणी लोबाना, मग कोण कोणाचं ते गोतावरूनच कळते, आणि नेमकं तेच ह्यानं बिघडवलं. त्यांचं गोत पेलिया. पोराला ती टायपिंगची चूक वाटली, त्यानं पटेल केलं.

मग बाजूच्या टपरीवर तर्री पोहे खात पाजींनी सांगितलं की १६६४ मध्ये पंजाबातल्या बकाल्याला ज्यानं शिखांचे नववे गुरु तेग बहादूर यांना शोधून काढलं तो मक्खन शाह लबाना पेलियाच. लबाना म्हणजे लूण, मीठ वाहणारे, बैलांवर गोण्या लादून मुलूख पालथा घालणारे. मी म्हटलं आमचे लमाणही तेच करत होते, आणि आपल्या राज्याच्या विमुक्त जातींच्या यादीत बंजाराच्या नोंदीतच लमाण, लभाण, मथुरा लभाण, लबान सगळे एका ओळीत आहेत. तर पाजींनी मोबाईलवर भाटांच्या, म्हणजे वंशावळ्या लिहून ठेवणाऱ्यांच्या, वहीतला उतारा काढून दाखवला. १६७५ मध्ये दिल्लीजवळ रायसीन्याला ज्या लखी शाह वंजाऱ्यानं शिरच्छेदानंतर स्वतःचं घर पेटवून ह्याच गुरूंच्या धडाला अग्नी दिला, आता तिथं गुरुद्वारा रकाबगंज आहे, त्याची नोंद होती. लखिया, गोधूचा मुलगा, जादोबंसी, बडतिया, कनावत. जादो म्हणजे जाधव आणि बडतिया म्हणजे माझ्या कानाला तरी सरळसरळ वडत्याच. अंगावर काटा आला राजेहो, पोहे थंडे झाले.

तीनशे वर्षांआधी भाटानं मुलगा, बाप, वंश, गोत, शाखा सगळं एका ओळीत बसवलं, आणि ह्या लेकाच्या कॉम्प्युटरमध्ये चारच रकाने! माझा आजा सांगायचा, तांड्यावर धाडी, म्हणजे आमचा वंशावळ गाणारा, यायचा आणि पिढ्याच्या पिढ्या तोंडपाठ म्हणून दाखवायचा. त्याला कुठला आलाय फॉर्म.

परत गेलो तर मालकानं वाद नाही घातला, माझी फुकट बदलून दिली, पाजींकडून ४०० घेतले कारण म्हणे सगळी पानं हलवावी लागली (हे पटलं नाही, चूक तुमची ना). जायचं असेल तर फॉर्म भरूच नका, कोऱ्या कागदावर स्वतः झाड काढून न्या, प्रूफ व्हॉट्सॲपवर मागा आणि घरातल्या म्हाताऱ्याला वाचायला लावा. पाचपैकी तीन स्टार.

पाजींच्या फ्रेममध्ये एका कोपऱ्यातल्या पानावर अजून पटेल राहिलाय. त्यांनी तसाच ठेवला, म्हणतात घरात एक गुजराती असू दे.