रोजच्या वापराला वायरलेस बड्स की वायरचा इअरफोन?

माझा मावसभाऊ पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. मागच्या आठवड्यात त्याचा फोन आला, "दादा, दीड हजार बाजूला ठेवलेत. बड्स घेऊ की वायरचाच घेऊ?" मी पटकन "बड्स घे" म्हणून मोकळा झालो आणि नंतर ते उत्तर मनाला खात राहिलं. मी बदलापूरहून सीएसएमटीला जातो, जाऊन-येऊन तीन तास लोकलमध्ये. तो सकाळपासून रात्रीपर्यंत एका खुर्चीत बसून लेक्चर ऐकतो. माझ्या सोयीचं ते त्याच्या सोयीचं कसं असेल? म्हणून आता नीट लिहितो. त्याच्यासाठी, आणि त्याच विचारात असलेल्या बाकीच्यांसाठीही.

पैसे आणि आयुष्य

वायरचा बरा इअरफोन चारशे ते सातशे रुपयांत येतो. बरे बड्स हजार-बाराशेपासून सुरू होतात आणि दोन हजाराच्या आसपास चांगले मिळतात. पण खरा फरक किती वर्षं टिकतं यात आहे. फोनची बॅटरी साधारण ५००० एमएएचची असते (एमएएच म्हणजे बॅटरीत किती चार्ज मावतो त्याचं माप), एका बडमधली जेमतेम ४०-५० एमएएचची. लिथियम-आयन बॅटरी साधारण ३०० ते ५०० वेळा पूर्ण चार्ज झाली की तिची क्षमता उतरायला लागते. दिवसातून एकदा बड रिकामा होत असेल तर ही मर्यादा वर्ष-दीड वर्षात गाठली जाते.

माझे पहिले बड्स नवे असताना पाच तास चालायचे. वीस महिन्यांनी उजवा पावणेतीन तास टिकत होता, डावा पावणेदोन तासांतच बंद पडायचा. कारण उशिरा लक्षात आलं. ऑफिसचे फोन मी एकच बड लावून घ्यायचो आणि तो नेहमी डावाच असायचा. आता दोन्ही कान आलटून पालटून वापरतो. त्या वेळी सर्व्हिस सेंटरला गेलो तर उत्तर मिळालं, "सेल बदलून मिळत नाही, नवीन घ्या." बडचे दोन भाग चिकटवून बंद केलेले असतात, उघडायला गेलं की तुटतात. हे करता येत नाही असं मात्र नाही. फेअरफोन या डच कंपनीने २०२४ मध्ये काढलेल्या बड्समध्ये बडची आणि ते ठेवून चार्ज करायच्या डबीची, दोन्ही बॅटऱ्या बदलता येतात. युरोपियन युनियनचा नियमही १८ फेब्रुवारी २०२७ पासून लागू होतोय, छोट्या उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता-घालता आली पाहिजे असा. तोवर आपल्याकडे बड्स घेताना "दोन वर्षांची वस्तू" असंच धरून पैसे मोजावेत.

वायरचा इअरफोन बहुतेक वेळा पिनजवळ तुटतो. एका कानाचा आवाज जातो, पिन बोटाने दाबून धरली की परत येतो. स्टेशनबाहेरचा मोबाइल रिपेअरवाला नवी पिन सोल्डर करून देतो, पन्नास-साठ रुपयांत काम होतं. माझा एक इअरफोन असा दोनदा दुरुस्त होऊन पाच वर्षं चालला.

गर्दीत

इथे मात्र बड्सना तोड नाही. ठाण्याला चढणाऱ्या लोंढ्यात कोणाच्या तरी बॅगेचा पट्टा वायरीत अडकतो, हिसका बसतो आणि खिशातला फोन बाहेर येतो. माझा फोन दोनदा असा पडलाय. बड्स लावल्यापासून फोन आतल्या खिशात चेन लावून राहतो. हात मोकळे, एक कडीला आणि एक बॅगेवर.

बड पडायची भीती आहेच. चढता-उतरताना तो काढायचा किंवा घालायचा नाही, हा मी स्वतःला घातलेला नियम आहे. फलाट आणि फुटबोर्ड यांच्या फटीतून गेलेला बड परत मिळत नाही. दादरच्या पुलावर संध्याकाळी आवाज तुटतो, तेही खरं. ब्लूटूथ आणि बरीचशी वाय-फाय यंत्रणा २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातच चालते आणि त्या पुलावर शेकडो उपकरणं एकमेकांना खेटून असतात. वायरला हा त्रास नाही.

आवाज बारीक ठेवण्याबद्दल

या मुद्द्यावर थोडं थांबायला हवं, कारण बिघडलेला इअरफोन नवा मिळतो, कान नाही. जागतिक आरोग्य संघटनेचं मोजमाप असं आहे: ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकलेला चालतो, तर ९० डेसिबलला हीच मर्यादा ४ तासांवर येते. आकडा दहानेच वाढला, पण वेळ दहापट आटली. लोकलच्या खडखडाटावर मात करायला आपण नकळत आवाज चढवतो आणि रोज तीन तास तसंच ऐकतो.

नॉइज कॅन्सलेशनचा खरा उपयोग इथे आहे. बडमधला माइक बाहेरचा आवाज टिपतो आणि त्याच्या बरोबर उलट लाट कानात सोडली जाते, दोन्ही एकमेकींना खातात. गाडीची एकसारखी घरघर, पंख्याचा, एसीचा आवाज यामुळे खूप कमी होतो. अचानक येणारा किंवा तीक्ष्ण आवाज तसा दबत नाही. डब्यातल्या भजनी मंडळाचे टाळ आणि गाडीचा भोंगा ऐकू येतोच. माझा अनुभव सांगायचा तर पूर्वी आवाजाची पट्टी तीन-चतुर्थांशावर असायची, आता निम्म्याच्या खाली पुरते.

अर्थात, कानात घट्ट बसणारं सिलिकॉनचं रबर योग्य मापाचं असेल तर वायरचा इअरफोनही बाहेरचा बराच आवाज अडवतो. सगळ्यात वाईट निवड म्हणजे रबर नसलेले, कानात नुसते टेकणारे बड्स लोकलमध्ये वापरणं. घरात ते आरामदायक असतात, पण गाडीत आवाज वाढवल्याशिवाय त्यात काही ऐकूच येत नाही.

कानाची खाज

मागच्या जुलैत माझा उजवा कान आठवडाभर खाजत होता आणि आत दडा बसल्यासारखं वाटत होतं. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी आत पाहिलं आणि म्हणाले, "बुरशी झालीये. कानात काय घालता?" दमट हवेत, पावसाळ्यात हे खूप जणांना होतं. ओला कान, त्यावर रबराचं बूच, आत उबदार अंधार. औषधाचे थेंब आणि दोन आठवडे बड्स बंद, तेव्हा बरं वाटलं.

कान बंद करणारा कोणताही इअरफोन हे करू शकतो, वायरचाही. फरक सवयीत पडतो. वायर गळ्यात येते, ताटात पडते, म्हणून गाणं संपलं की आपण ती काढतो. बड्स तसेच राहतात. काही वाजत नसताना मी ते तास-तासभर कानात ठेवायचो आणि मला पत्ताही नसायचा. घरी तर आई हाक मारायची आणि मला ऐकू जायचं नाही. केसांखाली बड दिसत नाही, त्यामुळे तिला वाटायचं मी मुद्दाम दुर्लक्ष करतोय. आता घराच्या दारात बड्स डबीत जातात. रविवारी रबरं काढून साबणाच्या पाण्याने धुतो आणि पूर्ण वाळल्यावरच परत लावतो. आपले बड्स दुसऱ्याला द्यायचे नाहीत, मित्र कितीही जवळचा असला तरी.

आईचा दुसरा प्रश्न रेडिएशनचा असतो. ब्लूटूथच्या लहरी पेशींमधले रेणू मोडतील एवढ्या ताकदीच्या नसतात आणि अशा उपकरणांची प्रक्षेपणशक्ती साधारण काही मिलीवॉट असते. कानाला लावलेला फोन सिग्नल शोधताना याच्या कितीतरी पट शक्ती वापरतो. त्यामुळे या कारणासाठी बड्स टाळण्याची गरज मला वाटत नाही.

रूळ किंवा रस्ता ओलांडताना मात्र कानात काहीच नको. वायरही नको, बडही नको.

बसून ऐकणाऱ्यांसाठी

मावसभावासारखे जे एका जागी सहा-आठ तास ऐकतात, त्यांना मी वायरच सुचवेन. मध्येच चार्जिंग संपत नाही. ऑनलाइन मुलाखत किंवा मॉक इंटरव्ह्यू असेल तर माइक तोंडाजवळ असतो. बड्सचा माइक चालू झाला की ब्लूटूथ बोलण्याच्या वेगळ्या पद्धतीवर जातं आणि ऐकू येणारा आवाजही त्या वेळेपुरता खालच्या दर्जाचा होतो. गेम खेळणाऱ्यांनाही वायरच बरी, कारण बड्समध्ये गोळी सुटल्यावर आवाज किंचित मागून येतो. व्हिडिओ पाहताना हा फरक सहसा जाणवत नाही, ॲप चित्र आणि आवाज जुळवून घेतं.

वायर घेण्याआधी फोन बघा. २०१६ मध्ये आयफोन ७ मधून गोल जॅक गेला आणि हळूहळू बाकीच्यांनीही तो काढला. तुमच्या फोनला फक्त टाइप-सी असेल तर टाइप-सीचाच इअरफोन घ्या. शंभर रुपयांचा साधा कन्व्हर्टर पुष्कळ फोनवर चालत नाही, कारण आवाजाचं रूपांतर करणारी चिप त्यात नसते. आणि तेच एक भोक चार्जिंगला लागतं, हेही लक्षात ठेवा.

नेकबँड, म्हणजे मानेभोवती घालायचा वायरलेस इअरफोन, हा मधला मार्ग आहे. गळ्यात राहतो, हरवत नाही, बॅटरी मोठी असल्याने बड्सपेक्षा बराच जास्त चालतो. दिवसभर फोन घेणाऱ्या दुकानदाराला किंवा डिलिव्हरीचं काम करणाऱ्याला मी बड्सच्या आधी नेकबँड दाखवेन.

मावसभावाला मी पुन्हा फोन करून सांगितलं, पाचशेचा वायरवाला घे, हजार रुपये पुस्तकांना ठेव. मी स्वतः बड्सच वापरतो, पण बॅगेच्या पुढच्या कप्प्यात वायरचा इअरफोन कायम असतो.

बड्सच घ्यायचे ठरले तर आधी त्याच मॉडेलचे एखाद्या मित्राचे बड्स दहा मिनिटं मागून घ्या. रबरं तुमची लावा, भर रस्त्यावर उभे राहा आणि घरी फोन लावा. रिक्षा-बसच्या गोंगाटात तुमचा आवाज समोरच्याला कसा येतो ते विचारा. मग मान हलवा, वाका, जांभई द्या. तेवढ्यात बड सैल झाला तर ते मॉडेल तुमच्या कानाचं नाही.