गूगल ऑटोकम्प्लीट: बोटांना आराम, मार्केटिंगवाल्यांच्या हाती अर्धीच माहिती

गूगलच्या सर्च बॉक्समध्ये दोन-तीन अक्षरं पडताच खाली सूचनांची एक यादी उघडते, तीच ऑटोकम्प्लीट. तिच्याकडे स्वतंत्र उत्पादन म्हणून फारसं कोणी बघत नाही, पण बघायला हवं. प्रश्न पुरता लिहून होण्याआधीच ती त्यात हात घालते, आणि ऑनलाइन विक्री करणाऱ्यांचा बराचसा अभ्यास तिच्याच भरवशावर चालतो. आमचं मत आधीच सांगून टाकतो. टायपिंग वाचवायला ऑटोकम्प्लीट उत्तम आहे. लोक कोणत्या शब्दांत विचारतात हे कळायला चांगलं आहे. किती लोक विचारतात हे मोजायला मात्र अगदीच कुचकामी आहे, आणि मार्केटिंगवाल्यांची फसगत बहुतेक वेळा ते याच कामाला जुंपल्यामुळे होते.

ही सोय डिसेंबर २००४ मध्ये ‘गूगल सजेस्ट’ नावाचा प्रयोग म्हणून आली आणि २००८ मध्ये सर्वांसाठी सुरू झाली. सप्टेंबर २०१० मध्ये तिच्यावर ‘गूगल इन्स्टंट’ चढवण्यात आलं. यादीबरोबर खालचे निकालही अक्षरागणिक बदलू लागले. एका शोधामागे २ ते ५ सेकंद वाचतात असा कंपनीचा दावा होता. कीबोर्डकडे बघत टाइप करणाऱ्याला त्याचा काडीचा उपयोग नव्हता, कारण मान वर करेपर्यंत पान चार वेळा बदललेलं असायचं. शोध मोबाइलवर सरकले, तिथे अर्धा पडदा कीबोर्डच खातो, आणि जुलै २०१७ मध्ये इन्स्टंट बंद झालं. यादी राहिली.

इन्स्टंट गेलं तरी त्या काळातला एक नियम जाहिरातवाल्यांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. जाहिरातीचं इम्प्रेशन, म्हणजे ती दिसल्याची नोंद, तेव्हा तीन प्रकारे मोजलं जाई: एंटर दाबलं किंवा सूचना निवडली तर, पानावर कुठेही क्लिक केलं तर, आणि टाइप करता करता थांबल्यावर निकाल किमान ३ सेकंद समोर राहिले तर. या तिसऱ्या नियमात गोम होती. माणूस पुढचा शब्द आठवत थांबला, तरी अर्धवट शब्दावरून गूगलने बांधलेल्या अंदाजाची जाहिरात ‘दिसली’ अशी नोंद व्हायची. जाहिरात तीच, बोली (क्लिकमागे देऊ केलेली रक्कम) तीच, तरी क्लिकचं प्रमाण हलायचं. त्या वर्षांचे आकडे आजच्या अहवालांशी जोडून आलेख काढणाऱ्यांनी एवढी खूण तरी करून ठेवावी.

आता वापरणाऱ्याच्या बाजूने. ऑटोकम्प्लीटमुळे टायपिंग सुमारे २५ टक्क्यांनी घटतं, असं गूगलने २०१८ मध्ये सांगितलं होतं. छोट्या कीबोर्डवर, अवघड स्पेलिंगच्या नावांसाठी आणि टाइप करणं ज्यांना कष्टाचं जातं त्यांच्यासाठी ही सोय अमूल्य आहे, त्यात वाद नाही. अडचण वेगळीच आहे. तुमच्या मनात एक प्रश्न असतो, यादीत त्याच्या जवळपासचा दुसरा तयार असतो, आणि बोट तयार मालाकडे वळतं. ‘लॅपटॉप चार्जिंगला लावल्यावरच गरम होतो’ हे विचारायचं असतं, यादीत ‘लॅपटॉप गरम होतो उपाय’ दिसतं, आणि तेच निवडलं जातं. निकालात पंखा साफ करण्याचे सल्ले येतात. चार्जर किंवा बॅटरी खराब असण्याची शक्यता शोधातून आधीच गळालेली असते. आजाराच्या लक्षणांबाबत हे जास्त महागात पडतं. साध्या लक्षणापुढे गंभीर रोगाचं नाव दिसलं की तो रोग होण्याची शक्यता मोठी आहे असं वाटू लागतं. प्रत्यक्षात त्या यादीतून एवढंच कळतं, की घाबरलेली माणसं तसं शोधतात.

यावर उपाय सोपा आहे, फारसा वापरला जात नाही इतकंच. मोबाइलवर प्रत्येक सूचनेच्या टोकाला तिरका बाण असतो. तो दाबला की सूचना बॉक्समध्ये उतरते, पण शोध सुरू होत नाही. मग हवे ते शब्द जोडता येतात. कॉम्प्युटरवर खालच्या दिशेची बाणाची कळ दाबून सूचनेवर या, ती बॉक्समध्ये दिसेल, आणि पुढे टाइप करत राहा. घाईत माउसने क्लिक केलंत तर ही संधी जाते.

यादी बनते कशी, हे कळल्याशिवाय मार्केटिंगची चर्चा व्यर्थ आहे. पाया खऱ्या शोधांचा असतो. त्यावर भाषा, ठिकाण, ताजेपणा आणि लॉग-इन असल्यास तुमचे जुने शोध यांचा परिणाम होतो. रोजच्या शोधांपैकी सुमारे १५ टक्के आधी कधीच न झालेले असतात, असं गूगल सांगत आलं आहे. अशा वेळी पूर्ण वाक्य साठ्यात नसतं, म्हणून पुढचा एखादाच शब्द सुचवला जातो, आणि त्यासाठी वेबवरच्या मजकुरातल्या शब्दांच्या जोड्याही विचारात घेतल्या जातात. शेवटी धोरणाची चाळणी लागते: हिंसक, अश्लील, द्वेषपूर्ण, धोकादायक सूचना काढल्या जातात. २०११ मध्ये ‘टोरेंट’सारखे चोरीच्या (बेकायदा कॉपी केलेल्या) मालाशी जोडलेले शब्द यादीतून काढले गेले, शोध मात्र होतच राहिले. तेव्हा यादीत एखादी गोष्ट नाही म्हणजे तिला मागणी नाही, असा अर्थ काढता येत नाही. पहिल्या क्रमांकाची सूचना सर्वाधिक शोधली जाते, असाही नाही.

तरीही कीवर्ड, म्हणजे लोक शोधताना वापरतात ते शब्द, शोधायला हे साधन फुकटात मिळणाऱ्यांपैकी सर्वात चांगलं आहे, नीट वापरलं तर. लॉग-आउट करून इन्कॉग्निटो खिडकी उघडा. तिथे जुने शोध मध्ये येत नाहीत, ठिकाण मात्र लपत नाही, हे ध्यानात असू द्या. सर्चची भाषा आणि प्रदेश सेटिंगमध्ये ठरवून घ्या. मग मूळ शब्द टाकून स्पेस द्या आणि यादी उतरवा. त्यापुढे एकेक अक्षर टाकत जा. देवनागरीत अ पासून ह पर्यंत, रोमनमध्ये २६ अक्षरं. नंतर कर्सर मूळ शब्दाच्या आधी न्या आणि स्पेस द्या. ‘कोणता’, ‘स्वस्त’, ‘जुना’ असे आधी लागणारे शब्द बाहेर येतात. शब्दांच्या मधोमध अंडरस्कोर टाकला तर बहुतेक वेळा मधली जागा भरून येते. ज्या भाषा लोक दोन लिपींत टाइप करतात, तिथे दोन्ही लिपींत हे सगळं करावं लागतं. एकाच प्रश्नाच्या दोन याद्या निघतात आणि त्या जुळतीलच असं नाही.

शीटमध्ये मूळ शब्द, सूचना, तारीख, उपकरण आणि भाषा एवढे रकाने पुरेत. क्रमांकाचा रकाना ठेवायचा मोह होतो. ठेवलात तर त्यावरून निर्णय मात्र घेऊ नका. दोन-तीन आठवड्यांनी हीच फेरी पुन्हा करा. दोन्ही वेळा आलेल्या सूचना कामाच्या. एकदाच चमकून गेलेल्या बहुधा बातम्यांच्या लाटेवर आलेल्या असतात, आणि त्यांच्यासाठी पान लिहून तयार होईपर्यंत लाट ओसरलेली असते. हे सगळं आपोआप करून देणारी टूल्स आहेत, वेळ वाचवतात, पण आणतात हीच यादी. शेजारी ते जे आकडे छापतात ते यादीतून आलेले नसतात, अंदाजाने बसवलेले असतात. आकड्यांसाठी कीवर्ड प्लॅनर हे गूगलचं जाहिरातदारांसाठीचं साधनच गाठावं लागतं. तिथेही जाहिरातीवर खर्च न करणाऱ्या खात्याला १००० ते १०,००० असे ढोबळ पट्टेच दिसतात, आणि जवळच्या शब्दरूपांची मोट एकत्र बांधलेली असते.

सर्वात जास्त नुकसान पुढच्या पायरीवर होतं: प्रत्येक सूचनेसाठी एक पान. चाळीस सूचना, चाळीस पानं, आशय एकच. मग ती पानं एकमेकांच्याच पायात पाय घालतात आणि एकही वर येत नाही. पारख अशी करावी. दोन सूचना वेगवेगळ्या शोधून पहिल्या दहा निकालांची तुलना करा. सहा-सात पानं सारखी असतील तर गूगलच्या लेखी प्रश्न एकच आहे, म्हणून पानही एकच. ‘लॅपटॉप गरम होतो’ आणि ‘लॅपटॉप गरम होऊन बंद पडतो’ बहुधा एका पानात बसतील. ‘चार्जर गरम होतो’ला वेगळं पान लागेल. निकालाच्या माथ्यावर उत्तर तयार छापलेलं असेल तर सूचना कितीही आकर्षक असो, क्लिक थोडेच येणार.

जाहिरात चालवणाऱ्यांना या यादीचा खरा फायदा निगेटिव्ह कीवर्डमध्ये, म्हणजे ज्या शब्दांवर जाहिरात दाखवायची नाही त्यांच्या यादीत आहे, आणि नेमका तोच फार थोडे लोक घेतात. मोहीम सुरू होण्याआधीच ‘फुकट’, ‘नोकरी’, ‘दुरुस्ती’, ‘सेकंड हँड’, ‘पीडीएफ’ अशा शेपट्या यादीत दिसतात. ज्या तुमच्या कामाच्या नाहीत, त्या पहिल्याच दिवशी वगळा. शब्दाची अनेकवचनं आणि समानार्थी रूपं निगेटिव्हमध्ये आपोआप धरली जात नाहीत, ती स्वतंत्र घालावी लागतात. उलट साध्या कीवर्डमध्ये, अगदी एक्झॅक्ट मॅच (नेमक्या जुळणाऱ्या शोधाचा पर्याय) निवडला तरीसुद्धा, २०१४ पासून जवळची रूपं धरली जातात आणि ती बंद करता येत नाहीत. हा उलटसुलट न्याय ठाऊक नसला की बजेट कुठून झिरपतंय हे महिनोन् महिने समजत नाही.

ब्रँडच्या नावापुढे ‘तक्रार’, ‘रिफंड’ किंवा ‘खरं की खोटं’ दिसलं की व्यवस्थापन हादरतं, आणि पहिला फोन ‘यादी साफ करून देतो’ म्हणणाऱ्याला जातो. असे लोक भाड्याच्या माणसांकडून किंवा बॉटकडून ठरावीक शोध वारंवार करवून घेतात. गूगल हे खपवून घेत नाही. पैसे देणं थांबलं की सूचनाही बहुधा विरते. खरा मार्ग कंटाळवाणा आहे: रिफंड किती दिवसांत आणि कोणत्या अटींवर मिळतो याचं सरळ पान करा, त्याच्या शीर्षकात तेच शब्द ठेवा, आणि रिफंड वेळेवर द्या. सूचना राहीलही, तिच्यामागे तुमचं पान पहिलं दिसेल. ‘कस्टमर केअर नंबर’ ही सूचना तर सोन्यासारखी जपावी. नंबर चित्रात छापलेला असेल किंवा तीन क्लिकआड दडलेला असेल, तर त्या शोधात भामट्यांचे खोटे नंबर वर येतात. नंबर मजकूर म्हणून लिहा, वेगळ्या पानावर, कामाच्या वेळेसह.

सूचना खरोखर बदनामीकारक असेल तर दाद मागता येते. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने मे २०१३ मध्ये निर्णय दिला, की सूचनेने कुणाच्या व्यक्तिमत्त्वाच्या हक्कावर घाला येत असल्याचं कळवल्यानंतर ती हटवण्याची जबाबदारी गूगलची आहे. आधीपासून प्रत्येक सूचना तपासत बसण्याची सक्ती मात्र केली नाही. एरवी कॉम्प्युटरवर यादीच्या तळाशी तक्रारीचा दुवा असतो, मोबाइलवर सूचना दाबून धरावी लागते. ‘धंद्याला मारक’ हे कारण चालत नाही. धोरणाचा भंग कोणता, तेच सांगावं लागतं.

मोजमापाचं दुखणं मात्र आजही तसंच आहे. सर्च कन्सोल हे वेबसाइटवाल्यांसाठीचं गूगलचं साधन शेवटी झालेला शोध दाखवतं. तो पूर्ण टाइप केला की यादीतून निवडला, हे सांगत नाही. फार थोड्यांनी केलेले शोध गोपनीयतेसाठी गाळले जातात, म्हणून तळच्या ओळींची बेरीज वरच्या एकूण आकड्याशी जुळत नाही. गंमत म्हणजे ही माहिती गूगलच्या स्वतःच्या पत्त्यात असते. कॉम्प्युटरवर सूचना निवडून शोध केल्यावर ॲड्रेस बारमध्ये ‘क्यू’ (q) पुढे पूर्ण शोध आणि ‘ओक्यू’ (oq) पुढे तुम्ही प्रत्यक्ष टाइप केलेली अक्षरं सापडतात. २०११ पासून शोध एन्क्रिप्ट (सांकेतिक रूपात बंद) होऊ लागले आणि वेबसाइटवाल्याला ते दिसणं टप्प्याटप्प्याने बंद झालं. एखादी सूचना तुमच्यापर्यंत किती लोक आणते याचा नेमका आकडा देतो म्हणणारं टूल विकायला आलं, तर आकडा आला कुठून एवढंच विचारा.

यूट्यूबची यादी यूट्यूबवरच्या शोधांवर चालते, म्हणून व्हिडिओसाठी तिथेच फेरी मारा. खरेदीच्या साइटवरची यादी माल विकण्यासाठी असते. तिथून रंग, माप, क्षमता असे शब्द मिळतात, प्रश्न मिळत नाहीत.

ज्यांना ही मदत नकोच आहे त्यांच्यासाठी: एंटर दाबण्याआधीच अक्षरं सर्व्हरकडे जात असतात, हे यंत्रणेतच आहे. क्रोमच्या सेटिंगमध्ये गूगल सेवांच्या भागात सर्च सूचना सुधारण्याचा पर्याय बंद केला की ॲड्रेस बारमधून हे थांबतं. फायरफॉक्समध्ये सर्चच्या सेटिंगमध्ये सूचना दाखवण्याची खूण काढा. पासवर्ड चुकून ॲड्रेस बारमध्ये पेस्ट करण्याची सवय असेल तर हे आजच करा. गूगलच्या पानावर ट्रेंडिंग शोध बंद करण्याचा वेगळा पर्याय आहे. तो वापरल्यावर रिकाम्या बॉक्सखालचा गोंधळ जातो, टाइप करतानाची यादी राहते. क्रोमच्या ॲड्रेस बारमध्ये जुना शोध पुन्हा पुन्हा वर येत असेल, तर बाणाच्या कळीने त्यावर जाऊन शिफ्ट आणि डिलीट एकत्र दाबा. लॉग-इन खात्यात साठलेला शोध त्याने पुसला जात नाही. तो गूगल खात्याच्या ॲक्टिव्हिटीत जाऊन वेगळा काढावा लागतो.