उनस्टाड, लोफोटेन : ध्रुववृत्ताच्या उत्तरेला सर्फिंगचे पहिले धडे

नॉर्वेच्या लोफोटेन द्वीपसमूहात वेस्टवोगोय नावाचे बेट आहे आणि त्याच्या वायव्य किनाऱ्यावर तीन बाजूंनी डोंगरांनी वेढलेले उनस्टाड हे मूठभर घरांचे गाव आहे. हे गाव ६८ अंश उत्तर अक्षांशाच्याही वर असले, तरी अटलांटिक महासागराचा उबदार प्रवाह नॉर्वेच्या किनाऱ्याने उत्तरेकडे वाहत असल्यामुळे येथील समुद्र गोठत नाही, आणि म्हणूनच येथे वर्षभर सर्फिंग चालते. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी येथे नवशिक्यांसाठीचा दोन दिवसांचा वर्ग केला. मी ऑस्लोत राहतो, बालपण हर्णैला गेले आणि पोहणे खाऱ्या पाण्यातच शिकलो. मात्र लाटेवर उभे राहण्याचा प्रयत्न त्यापूर्वी कधीही केला नव्हता. वर्ग मला मनापासून आवडला. त्याचे मुख्य कारण येथील निसर्ग नसून शिकवणाऱ्यांची शिस्त आहे.

या गावात सर्फिंग आले ते १९६३ मध्ये. थोर फ्रान्ट्झेन आणि हान्स एगिल क्राने या दोन तरुण खलाशांनी ऑस्ट्रेलियात हा खेळ पाहिला आणि घरी परतल्यावर स्वतःच्या हातांनी फळ्या बनवून ते याच खाडीत उतरले. आज ज्या रबरी पोशाखाशिवाय येथे कोणी पाण्यात पाऊल टाकत नाही, तसा पोशाख त्या काळी या गावात कोठून मिळणार? त्यामुळे वर्गाच्या आरंभी ही हकिकत ऐकताना त्या दोघांविषयी मला फार आदर वाटला.

पोशाखाविषयी सविस्तर लिहायला हवे, कारण थंड पाण्यातील सर्फिंगचे निम्मे यश त्यावरच अवलंबून असते. आम्हाला टोपी जोडलेले ६/५ जाडीचे वेटसूट दिले गेले. पहिला आकडा छाती-पाठीवरील आणि दुसरा हातापायांवरील निओप्रीन या कृत्रिम रबराची मिलिमीटरमधील जाडी सांगतो. या पदार्थात वायूचे असंख्य सूक्ष्म बुडबुडे अडकलेले असतात आणि ते अंगातली ऊब बाहेर जाऊ देत नाहीत. आत शिरलेले थोडे पाणी अंगाच्या उष्णतेने कोमट होते. पण गळ्याशी किंवा मनगटाशी सूट सैल असेल, तर प्रत्येक लाटेबरोबर नवे गार पाणी आत येते आणि सगळा बंदोबस्त वाया जातो. आमच्या प्रशिक्षिकेने प्रत्येकाच्या गळ्याशी आणि मनगटाशी स्वतः बोटे घालून पाहिले आणि दोघांना सूट बदलायला लावले. या तपासणीत अर्धा तास गेला, आणि तो सत्कारणी लागला असे मी म्हणेन. पाणी सुमारे ११ अंशांवर होते. दोन तास त्यात राहूनही छाती, पाठ आणि पाय उबदार राहिले. फक्त चेहऱ्याला पहिली लाट लागते तेव्हा श्वास क्षणभर अडकतो, याची मनाची तयारी ठेवावी.

पाण्यात उतरण्यापूर्वी वाळूवर सराव होतो. फळीवर पालथे झोपणे, दोन्ही हातांनी पाणी मागे सारणे, आणि मग तळवे छातीशी टेकवून एका झटक्यात उभे राहणे, म्हणजे पॉप-अप, हे आमच्याकडून वीस-पंचवीस वेळा करून घेतले. नवशिक्यांना आठ-नऊ फुटी मऊ फळ्या दिल्या जातात. त्या आकाराने मोठ्या असल्यामुळे स्थिर राहतात आणि अंगावर आदळल्या तरी इजा कमी होते. पहिला दिवस पूर्णपणे फुटलेल्या लाटेच्या पांढऱ्या फेसात, कमरेएवढ्या पाण्यात गेला. खाडीच्या दोन्ही टोकांना गोट्यांवर फुटणाऱ्या लांब लाटा अनुभवी सर्फरांसाठी असतात. नवशिक्याने मधल्या पट्ट्यातच थांबावे, आणि लाट जिथे प्रथम फुटते तिथे सर्वांत जवळ असलेल्या सर्फरचा तिच्यावर पहिला हक्क असतो हा नियम मोडू नये, हे आम्हाला अगदी स्पष्ट शब्दांत सांगितले गेले.

माझा या वर्गावर खरा विश्वास बसला तो दुसऱ्या दिवशी सकाळी. रात्रीतून वारा फिरला होता. आदल्या दिवशी तो आग्नेयेकडून, डोंगरावरून समुद्राकडे वाहत होता आणि लाटेचा कडा उभा धरून ठेवत होता; आता तो समुद्राकडून येत होता आणि लाटा वेड्यावाकड्या मोडत होत्या. शिवाय भरती पूर्ण चढल्यामुळे लाटा थेट काठच्या गोट्यांजवळ फुटत होत्या. प्रशिक्षिका गोट्यांच्या उंचवट्यावर वीस मिनिटे उभी राहून दोन लाटांमधले सेकंद मोजत होती. मग तिने आम्हा सर्वांना जवळ बोलावून एका बाजूने आत जाणारा गढूळ, सपाट पट्टा दाखवला. किनाऱ्यावर साचलेले पाणी जिथून परत फिरते तो हा प्रवाह. हर्णैला आम्ही त्याला नुसती ‘ओढ’ म्हणतो. ओढीत सापडल्यास तिच्याशी झुंजत किनाऱ्याकडे न येता, फळी न सोडता, किनाऱ्याला समांतर बाजूला सरकायचे, हे तिने समोरच्या पाण्याकडे बोट दाखवत समजावले आणि वर्ग ओहोटीपर्यंत पुढे ढकलला. दोघांनी नाराजी व्यक्त केली, कारण त्यांना संध्याकाळचे विमान गाठायचे होते. तरीही ती ठाम राहिली. दुपारी त्याच पाण्यात आम्ही सुखरूप उतरलो. पैसे घेतलेले असताना पाण्यात न उतरण्याचा निर्णय घेणारी माणसे मला आपल्याकडच्या प्रत्येक जलक्रीडा केंद्रावर हवी आहेत.

उणिवाही सांगतो. पहिल्या दिवशी सात जणांमागे एकच प्रशिक्षिका होती. कोणत्या लाटेसाठी निघायचे हे ती एकेकाला सांगत असल्यामुळे बाकीच्यांचा बराच वेळ वाट पाहण्यात गेला. दुसऱ्या दिवशी एक सहायक आला आणि प्रत्येकाच्या वाट्याला निदान दुप्पट लाटा आल्या. नोंदणी करतानाच गटातील संख्या विचारून घ्यावी. हातमोजे मला मोठे होते, लहान माप शिल्लक नव्हते, आणि पाऊण तासात बोटे बधिर झाली. शुल्क, साहित्य धरून, दिवसाला हजार क्रोनरहून अधिक पडते. नॉर्वेतील दरांच्या मानाने मला ते योग्य वाटले, पण भारतातून येणाऱ्या कुटुंबाने हिशेब आधी करावा.

लेक्नेसच्या लहान विमानतळावरून गाडीने साधारण अर्ध्या तासात, शेवटी एका अरुंद बोगद्यातून, उनस्टाडला पोहोचता येते. वाटेत कॉड मासा वाळवण्याचे लाकडी मांडव लागतात. मे महिन्यानंतर ते रिकामेच असतात, तरी बोंबलांचे मांडव पाहत वाढलेल्या माणसाला तिथे थांबावेसे वाटते. उत्तरध्रुवीय प्रकाश पाहण्यासाठी हिवाळ्यात येणाऱ्या मराठी पर्यटकांनी पहिला धडा मात्र त्या दिवसांत घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून जानेवारीच्या आरंभापर्यंत येथे सूर्य क्षितिजावर येतच नाही, आणि पाणी पाच अंशांच्या आसपास उतरते. सप्टेंबरमध्ये पाण्यात उन्हाळ्याची ऊब शिल्लक असते, शरदातील लाटा सुरू झालेल्या असतात आणि रात्री अंधार असल्याने तो प्रकाशही दिसू शकतो. ज्यांना पोहता येत नाही त्यांनी वर्ग घेऊ नये.

चष्मा वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट. पाण्यात चष्मा चालत नाही, आणि माझा नंबर मोठा असल्यामुळे किनाऱ्यावरून होणाऱ्या हातांच्या खुणा मला पहिल्या दिवशी दिसल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशी मी हे आधी सांगितले, तेव्हा सहायक माझ्याशेजारी पाण्यात उभा राहिला आणि योग्य लाट आली की मोठ्याने हाक देऊ लागला. चौथ्या हाकेला मी उभा राहिलो आणि फळी वाळूला टेकेपर्यंत उभाच होतो.