लिमोजची जुनी डेझर्ट प्लेट: गुलाब छापील, पण निळा आणि सोनं एक नंबर

लिमोज म्हणजे चिनी मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध फ्रेंच शहर; तिथली ही प्लेट पॅरिसला लागून असलेल्या सँत-वाँच्या जुन्या बाजारात घेतली, 60 युरोला. कडेला गडद निळा पट्टा, त्यावर सोनेरी नक्षी, मधे गुलाबांचा गुच्छ. विक्रेता छातीठोकपणे सांगत होता की सगळं हातानं रंगवलंय आणि 1870 च्या आसपासचं आहे. दोन्ही पटलं नाही, तरी घेतली, कारण बाकीचं काम खरंच भारी आहे.

गुलाब भिंगातून बघा. पाकळ्यांच्या सावल्या बारीक बारीक ठिपक्यांच्या आहेत, म्हणजे हे क्रोमोलिथोग्राफ, कागदावर छापलेलं चित्र ग्लेझवर, म्हणजे भांड्याच्या काचेसारख्या थरावर, उतरवायचं आणि मग भाजायचं. लिमोजमधल्या हॅविलंडसारखे कारखाने 1870 च्या दशकात हेच करून अमेरिकेला डिनर सेट पाठवायला लागले होते. पण दोन पाकळ्या आणि एका देठावर ब्रश फिरलाय, तिथे रंग छापाच्या रेषेबाहेर गेलेला दिसतो, आणि मला तोच भाग सगळ्यात जास्त आवडला. छापावर हात फिरवणं ही तेव्हाची रीतच होती, त्यात लबाडी नाही, लबाडी आहे ती आज त्याचा पूर्ण हातकाम म्हणून भाव लावण्यात. असे रंग साधारण 800 डिग्रीला भाजायचे, ते ग्लेझच्या वर बसतात, त्यामुळे नख फिरवलं की किंचित लागतात.

निळ्या पट्ट्यावर मात्र नखाला काहीच लागत नाही. तो कोबाल्ट धातूपासून केलेला निळा रंग आहे, मोठ्या भट्टीत 1400 डिग्रीच्या आसपास भाजलेला, आणि एवढ्या आचेत फार थोडे रंग टिकतात. तो ग्लेझमध्येच मुरतो म्हणून त्याला ती खोली येते, आणि पांढऱ्याला भिडतो तिथे रंगाची कड जराशी पसरलेली दिसते. स्टिकरसारखी कडक कड असती तर मी घेतलीच नसती.

आता सोनं, ज्याच्यासाठी पैसे दिले. नक्षीचा काही भाग चकचकीत आणि काही मॅट आहे. ही ॲसिडची करामत, मूळ इंग्लंडातल्या मिंटन कारखान्याची, 1863 ची, नंतर लिमोजवाल्यांनीही उचलली. जे वर ठेवायचं त्यावर ॲसिड न लागणारा लेप द्यायचा, उरलेलं ग्लेझ ॲसिडनं खायचं, मग सगळ्यावर सोनं चढवून भाजायचं आणि अकीक दगडानं घासायचं, की उंचवटे चमकतात आणि खळगे मॅट राहतात. माझ्या प्लेटवर एका बाजूचे उंचवटे झिजलेत, कुणीतरी वर्षानुवर्षं वापरली असणार, मला चालतं.

मागे हिरव्या शिक्क्यात लिमोजबरोबर फ्रान्स असंही लिहिलंय. अमेरिकेत 1891 पासून आयात मालावर देशाचं नाव लागायला लागलं, म्हणजे ही बहुतेक त्यानंतरची, 1870 विसरा.

शेजारच्या स्टॉलवर पात-सुर-पात होतं. रंगीत मातीवर पातळ पांढऱ्या मातीचे थरावर थर ब्रशनं चढवून मग कोरलेलं, फ्रान्समधल्या सेव्हरच्या कारखान्यात 1850 च्या सुमारास सुरू झालेलं काम. भाजून निघेपर्यंत कुठे किती पारदर्शक होईल हे कारागिरालाही दिसत नाही. किंमत ऐकून गुपचूप पुढे सरकले.

पाचपैकी चार स्टार, एक विक्रेत्याच्या थापांसाठी कापला. अशी प्लेट घेतलीत तर हातानंच धुवा आणि मायक्रोवेव्हमध्ये अजिबात घालू नका, सोनं आहे त्यावर.