एमजीबीला मूळ धाटणीचा एक्झॉस्ट: सोलापुरातल्या वापरानंतरचा अनुभव

दिवाळीच्या आधी माझ्या १९६७च्या एमजीबीचा (ब्रिटिश एमजी कंपनीची उघडी स्पोर्ट्स कार) एक्झॉस्ट, म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर नेणारी नळी आणि सायलेन्सर, पुढून मागेपर्यंत नवा केला. हिवाळा, इथला उन्हाळा आणि आता अर्धा पावसाळा त्याच्यावरून गेला आहे, म्हणून भरवशाने लिहितो. मी साध्या पोलादाचा, ॲल्युमिनियमचा मुलामा असलेला, मूळ धाटणीचा सेट घेतला. स्टेनलेसचा घेतला नाही, आणि पुन्हा वेळ आली तरी हाच घेईन. मात्र सगळाच्या सगळा परदेशातून मागवण्यात अर्थ नाही. काही वस्तू इथे जास्त चांगल्या होतात, आणि त्या कोणत्या हे आधी कळलं तर बराच पैसा वाचतो.

गाडीची थोडी ओळख. एमजीबी १९६२ साली आली आणि इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९८०पर्यंत बनत राहिली. एकूण ५ लाखांहून जास्त गाड्या निघाल्या, त्यामुळे तिचे पार्ट आजही नव्याने बनतात. इंजिन १७९८ सीसीचं, ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या (बीएमसी) बी-सिरीजमधलं. आपल्या जुन्या अँबॅसिडरचं १४८९ सीसी पेट्रोल इंजिन याच घराण्यातलं. सोलापूरसारख्या शहरात या एका गोष्टीचा केवढा आधार होतो! ज्या मिस्त्रींनी आयुष्यभर टॅक्सी उघडल्या, त्यांना या गाडीचं बॉनेट उघडलं की काही परकं वाटत नाही. चार सिलिंडर, पण इंजिनाच्या हेडला धूर बाहेर पडायची, एक्झॉस्टची तोंडं तीनच, मधल्या दोन सिलिंडरांचं एक सामाईक. हवा-पेट्रोल आत घ्यायची, इनटेकची तोंडं दोन. दोन्हींचे मॅनिफोल्ड, म्हणजे या तोंडांवर बसणारे ओतीव जोड, एकाच बाजूला, एकाच पॅकिंगवर बसणारे.

‘मूळ धाटणीचा’ असं लिहून विकणारे पुष्कळ आहेत. त्यातल्या अनेकांच्या लेखी गाडीखाली बसला आणि मागे नळी दिसली की झाला मूळ धाटणीचा. माझ्या दृष्टीने मूळपण सायलेन्सरच्या पोटात असतं. या गाडीला दोन सायलेन्सर, एक मध्ये आणि एक मागे. आत पडदे आहेत की आरपार भोकांची नळी घालून भोवती ग्लासवूल भरलंय, यावर आवाज ठरतो. ग्लासवूलचा सायलेन्सर नवा असताना छान बोलतो. पुढे लोकर जळत, उडत जाते आणि आवाज फाटतो. मी प्रत्येक विक्रेत्याला चार गोष्टी विचारल्या: नळीचा आतला व्यास, सायलेन्सरच्या डब्याची लांबी, टांगायच्या कड्या कुठे आहेत आणि आत पडदे आहेत का. निम्म्यांनी उत्तरच दिलं नाही. एकाने कापलेल्या डब्याचा फोटो पाठवला. ऑर्डर त्यालाच दिली.

मॅनिफोल्ड मात्र मी बदलला नाही. बिडाचा जुना मॅनिफोल्ड काढून तीन नळ्यांचा हेडर लावा, पिकअप वाढेल, असा सल्ला खूप जणांनी दिला. या गाडीत दोन्ही एसयू कंपनीचे कार्बोरेटर मॅनिफोल्डच्या अगदी वर बसतात, मध्ये फक्त पत्र्याचं हीट शील्ड. पातळ नळ्यांचा हेडर बिडापेक्षा कितीतरी जास्त उष्णता आजूबाजूला फेकतो. मे महिन्यात पारा ४३-४४वर असताना गाडी थांबवली, तर कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल उकळायला लागतं आणि मग ती सुरू व्हायला छळते. पुण्याहून येताना सावळेश्वरच्या टोलनाक्यावर रांगेत उभं राहणाऱ्या माणसाला दोन-चार अश्वशक्तीपेक्षा हा प्रश्न मोठा असतो. जुना मॅनिफोल्ड तडा गेलेला नसेल तर तो सोन्यासारखा जपावा.

त्याचं तोंड मात्र सपाट हवं. माझ्या मॅनिफोल्डवर पट्टी धरली तर मधल्या तोंडापाशी उजेड दिसत होता. अक्कलकोट रोड एमआयडीसीत पॉवरलूमचे पार्ट करणारी वर्कशॉप्स आहेत, त्यातल्या एकाकडे सरफेस ग्राइंडर आहे. तिथे इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही मॅनिफोल्ड नेले. इथली खुबी अशी, की हेडच्या काही स्टडवर एकच जाड वॉशर दोन्ही मॅनिफोल्डच्या कानांवर बसतो आणि दोघांना एकदम दाबतो. एकाचा कान दुसऱ्यापेक्षा जाड राहिला, तर वॉशर जाड कानावर टेकतो आणि पातळ बाजू सैल राहते. नट कितीही आवळा, फुसफुस थांबत नाही. म्हणून दोन्ही मॅनिफोल्ड तेवढेच घासले आणि वॉशर बसतात तिथली जाडी व्हर्नियरने जुळवली. बाजारातले नवे मॅनिफोल्ड किंवा हेडर बसवणाऱ्यांनी हे आधी मोजावं. पॅकिंग पुन्हा पुन्हा उडतं अशी तक्रार करणाऱ्या बहुतेकांचं दुखणं तिथेच सापडेल.

पार्सल आलं. कुरिअरवाले वजन दोन प्रकारे मोजतात, खरं वजन आणि खोक्याच्या मापाचं वजन. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५०००ने भागायचं, आणि जे जास्त भरेल त्याचे पैसे. सायलेन्सर म्हणजे पोकळ डबा आणि लांब नळी, त्यामुळे मापाचं वजन खऱ्याच्या कितीतरी वर जातं. त्यावर कस्टम ड्यूटी, आणि ड्यूटी धरून होणाऱ्या किमतीवर आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. माझा वाहतूक आणि कराचा खर्च पार्टच्या किमतीच्या जवळ गेला. म्हणून सेट तुकड्यांत मागवावा, डाऊनपाइप (मॅनिफोल्डपासून खाली येणारी नळी) वेगळा, सायलेन्सर वेगळे. खोकं आखूड होतं आणि फरक लगेच दिसतो. क्लॅम्प, नट, ब्रॅकेट असल्या गोष्टी तर मागवूच नयेत.

डाऊनपाइप बसवताना मूळ धाटणीचा पहिला कस लागला. वरचं तोंड मॅनिफोल्डला बरोबर लागलं, तर खालची नळी गिअरबॉक्सच्या आधाराला घासत होती. फ्लँज, म्हणजे नळीच्या तोंडाची जोडाची चकती, थोडा फिरवून वेल्ड केलेला. विक्रेत्याला फोटो पाठवले, तर क्लॅम्प सैल करून जुळवून घ्या, असं उत्तर आलं. परत पाठवायचं भाडं मलाच पडणार होतं. जोर लावून बसवता आलं असतं, पण ताणात बसवलेली नळी गरम-गार होत राहते आणि वेल्डपाशी तडकते. आमच्या मिस्त्रीमामांनी हात लावायला साफ नकार दिला. ते म्हणाले, “हे फॅब्रिकेशनवाल्या अण्णांचं काम. माझं नाही.”

अण्णांचं शेड अशोक चौकाच्या पुढे आहे. मागाच्या गिरण्यांची कामं करून त्यांचा हात तयार झालेला. त्यांनी गाडी रॅम्पवर घेतली, नळी नुसती धरून पाहिली आणि म्हणाले, “मालक, पाइप चुकला नाही, फ्लँज फिरलाय. कापून, गाडीवरच टाका मारतो, मग खाली काढून आर्गनने पक्का करतो.” तसंच केलं. गाडीवर जागच्या जागी टाका मारल्यामुळे कोन तंतोतंत आला. आता गिअरबॉक्स आणि नळी यांच्यात बोट जाईल एवढी जागा आहे आणि आजवर कुठेही घासल्याची खूण नाही.

अशा कामाला कुणी जीआय पाइपचा तुकडा वापरायला लागला तर थांबवा. त्यावरचं जस्त तापल्यावर जळतं, वेल्डिंगच्या वेळी निघणारा धूर करणाऱ्याच्या छातीला घातक असतो, आणि पुढे गंज लागतोच. आणखी एक, ब्रिटिश नळ्या इंचाच्या मापाच्या. पावणेदोन इंच म्हणजे ४४.४५ मिमी, आणि मला इथे जोडाला मिळाली ती ४५ची नळी. एवढ्याशा फरकाने क्लॅम्प धरत नाही, सांध्यातून गळणाऱ्या धुराची काळी रेघ दिसायला लागते. अण्णांनी तोंड फुलवून दिलं.

मॅनिफोल्डला डाऊनपाइप धरणारे नट पितळी हवेत, हे मामांनी मला सांगायची गरजही ठेवली नाही, स्वतःच घेऊन आले. लोखंडी नट तिथल्या उष्णतेने स्टडला असा चिकटतो, की पुढच्या वेळी स्टडच तुटून हातात येतो. पितळ चिकटत नाही. यूएनएफ (इंचाच्या मापाच्या बारीक) आट्यांचे असे नट जुन्या अँबॅसिडरचा माल ठेवणाऱ्या दुकानात मिळाले, तेही किरकोळ पैशांत.

आता वापराबद्दल.

आवाज. याच्यासाठीच हा सगळा खटाटोप. आधीच्या मालकाने लावलेला बाजारी सायलेन्सर इंजिनाच्या मिनिटाला तीन हजार फेऱ्यांच्या आसपास असा घुमायचा, की शेजारच्या माणसाशी बोलता येत नसे. नव्या सेटची फायरिंग खालच्या पट्टीतली, भरीव आहे, आणि ॲक्सिलरेटर दाबला की जराशी खरखरीत होते. तुळजापूरचा घाट तिसऱ्या गिअरमध्ये चढताना ती ऐकावी, मन भरून येतं. पुण्यातल्या एका ओळखीच्यांच्या याच गाडीला स्टेनलेसचा सेट आहे. दिसायला देखणा आणि माझ्यापेक्षा कितीतरी जास्त टिकेल यात शंका नाही. पण त्याच्या पातळ पत्र्यात एक धातूचा टणत्कार आहे, ताटावर चमचा पडल्यासारखा, आणि तो एकदा कानात बसला की जात नाही. साधं पोलाद तो आवाज गिळतं. बंद गाडी असती तर कदाचित फरक पडला नसता. टप उघडं ठेवून चालवायच्या गाडीत आवाज हा गाडीचा निम्मा जीव असतो.

ॲक्सिलरेटर सोडल्यावर मागे फट्फट् वाजणं पूर्ण थांबलं. कुठल्याही सांध्यातून बाहेरची हवा आत ओढली गेली, की न जळलेलं पेट्रोल नळीत पेटतं आणि तो आवाज येतो. अनेकांना तो स्पोर्ट्स कारचा रुबाब वाटतो. प्रत्यक्षात तो बहुतेक वेळा गळतीचा पुरावा असतो. पीयूसीच्या वेळीही गळका एक्झॉस्ट खरं रीडिंग देत नाही. आणि धुराचं गांभीर्य याहून मोठं आहे. टप लावून चालवताना मागची हवा आत वळते, तिच्याबरोबर कार्बन मोनॉक्साइड येतो, आणि त्याला वास नसतो. म्हणून मागच्या नळीचं टोक बंपरच्या पुरेसं बाहेर हवं. माझ्या सेटमध्ये ते बरोबर आलं आणि कपड्यांना येणारा धुराचा वास गेला.

उंची हा या गाडीचा कायमचा कमकुवत भाग. पुढचा पाइप पोटाखाली सगळ्यात खाली असतो आणि आपले स्पीडब्रेकर कुणी मापाने बांधत नाही. होटगी रोडवर आणि विजापूर रोडच्या आतल्या गल्ल्यांत तिरकं काढावं लागतं. मूळ मापाचा सायलेन्सर असल्याने निदान आधीपेक्षा कमी टेकतो. बाजारी डबा जाड होता, दर वेळी घासायचा. टांगणीचे रबर मात्र सेटबरोबर आलेले अगदीच हलके निघाले. उन्हाळ्यात मऊ पडून मागचा डबा लोंबायला लागला आणि खड्ड्यात ॲक्सलवर ठोकायला लागला. शेवटी कन्व्हेअर बेल्टच्या आत दोरा असलेल्या रबराच्या पट्ट्या कापून, भोकं पाडून लावल्या. ठोकणं बंद झालं. पट्टी फार कडकही नको. इंजिन आपल्या रबरांवर डोलतं, त्याच्याबरोबर नळीलाही डोलता आलं पाहिजे.

गंजाचं म्हणाल तर सोलापूर कोरडं, त्यामुळे बाहेरून भीती कमी. गंज आतून येतो. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. नळी पुरती तापली तर ते बाहेर पडतं. नव्या पेठेत जाऊन परत यायचं एवढंच चालवलं, तर मागच्या डब्यात साचतं. म्हणून मी गाडी काढली की हिप्परग्याच्या पलीकडेपर्यंत तरी नेतो. सध्या मुलाम्याचा भाग स्वच्छ आहे. अण्णांच्या वेल्डपाशी तपकिरी छटा आली होती, कारण वेल्डिंगने तिथला मुलामा जळतो. घासून उष्णतेला टिकणारा ॲल्युमिनियम पेंट मारला, तेव्हापासून थांबली आहे. हे काम वेल्ड झाल्या झाल्या करून घ्यावं.

ॲव्हरेजमध्ये फरक नाही, पिकअपमध्येही सांगण्यासारखा नाही. त्यासाठी कुणी हा खर्च करू नये.

कागदपत्रांच्या बाजूने एक लक्षात घ्या. २०२१च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या खासगी गाड्यांना व्हीए मालिकेचा विंटेज नंबर मिळू शकतो, आणि त्यात गाडी मूळ रूपात असण्यावर भर आहे. मॉडिफाइड सायलेन्सर जप्त करून त्यांच्यावर रोडरोलर फिरवायच्या मोहिमा राज्यभर चालतात, त्यातही मूळ मापाचा, पडद्यांचा सायलेन्सर असलेला माणूस निर्धास्त असतो. माझी गाडी सात रस्त्यावर पोलिसांनी थांबवली ती फोटो काढायला.

कुणाला करायचं असेल तर माझा क्रम असा राहील: आधी मॅनिफोल्ड सपाट करून घ्या, मग डाऊनपाइप मागवा आणि तो बसल्यावरच सायलेन्सरची ऑर्डर द्या. सगळं एकदम मागवून एका दिवसात बसवायची घाई नको. सायलेन्सर आणि डाऊनपाइप बाहेरून. नट, क्लॅम्प, टांगण्या आणि सगळी वेल्डिंग सोलापुरात. मधल्या सायलेन्सरच्या पुढच्या क्लॅम्पपाशी परवाच्या पावसानंतर थोडी काळी रेघ दिसते आहे, तो सांधा मामा येत्या रविवारी उघडणार आहेत.