सव्वा वर्ष, अडीच हजार राउंड आणि एक स्क्रू : पॉइंट टू-टू सेमी-ऑटोचा अनुभव

मार्चमधल्या एका शनिवारी माझ्या रायफलनं ५० यार्डांवरून पाच राउंड (गोळ्या) मारले आणि निशाणाचा कागद आणायला गेलो, तर भोकांचे दोन वेगळे घोळके दिसले. तीन भोकं डावीकडे वर, दोन उजवीकडे खाली. सगळ्यांत लांबच्या दोन भोकांमधलं अंतर मोजलं तर साडेतीन इंच. याच रायफलनं ऑक्टोबरमध्ये, याच अंतरावर, याच काडतुसांनी पाच राउंड सव्वा इंचात ठेवले होते. तो कागद तारीख टाकून जपून ठेवलाय, म्हणून 'हात हलला असेल' असं म्हणून विषय सोडून देता येईना.

मी ओहायोत राहतो. रायफल पॉइंट टू-टू एलआर या छोट्या काडतुसाची, सेमी-ऑटो (म्हणजे एक राउंड सुटला की पुढचा आपोआप भरणारी), साडेअठरा इंची बॅरल, लाकडी दस्ता, दहा राउंडचं मॅगझिन. या रचनेच्या रायफली आता अनेक कंपन्या बनवतात, त्यामुळे माझी कोणाची याला महत्त्व नाही. ज्यांच्याकडे आहे त्यांना माहीतच असेल की अख्खा रिसीव्हर (राउंड भरणारा बोल्ट ज्यात मागेपुढे सरकतो तो धातूचा सांगाडा) दस्त्यात एका स्क्रूवर बसतो. मॅगझिनच्या पुढे एकच स्क्रू, मागे धरायला काही नाही. बॅरल रिसीव्हरमध्ये आट्यांवर बसत नाही, एक ठोकळा आणि दोन स्क्रू तिला रिसीव्हरमध्ये खेचून धरतात. तरीही विकत घेताना या स्क्रूबद्दल मला कोणी अवाक्षर काढलं नाही, आणि माझा सगळा राग त्याच गोष्टीचा आहे.

आधी दुकानात गेलो. काउंटरवरच्या माणसानं बॅरलमध्ये टॉर्च मारला आणि सांगितलं, "बॅरल गेली, नवी घाला, २५० डॉलर." तोवर जेमतेम दीड हजार राउंड झाले होते. शिशाच्या गोळीनं पॉइंट टू-टूची बॅरल इतक्यात झिजत नाही, नीट ठेवली तर हजारोंच्या हजारो राउंड चालते. कागद दाखवायला पुढे केला, त्याकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. त्या दुकानात मी पुन्हा गेलेलो नाही.

मग चूक माझी. काडतुसांवर संशय घेतला आणि चार वेगवेगळे डबे आणले, त्यातला एक मॅचचा, १८ डॉलरचा. एकूण चाळीसेक डॉलर गेले. चारही डब्यांनी दोन घोळकेच दाखवले. घोळक्यांचा आकार कमीजास्त झाला, पण ते दोनच राहिले. हा धागा मी तिथेच पकडायला हवा होता. काडतूस खराब असेल तर भोकं सगळीकडे विखुरतात. दोन नेमक्या जागी पडत असतील तर काहीतरी दोन नेमक्या जागांवर बसतंय आणि उठतंय. ते काडतूस नसतं, सैल झालेलं लोखंड किंवा लाकूड असतं.

एवढ्या खर्चातून एक गोष्ट मात्र हाती लागली. माझ्या रायफलला ४० ग्रेन वजनाची 'स्टँडर्ड व्हेलॉसिटी', म्हणजे साध्या वेगाची गोळी मानवते. ती साधारण १०७० फूट प्रतिसेकंदानं निघते, आवाजाच्या वेगाच्या खालीच राहते. १२०० च्या वर निघणारी गोळी वाटेत आवाजाच्या वेगाखाली उतरते आणि त्या टप्प्यात डगमगते. काही फार मंद काडतुसं सेमी-ऑटोचा बोल्ट पुरता मागे ढकलत नाहीत, राउंड अडकतो. स्टँडर्डवर माझा बोल्ट बिनतक्रार चालतो आणि पन्नासचा डबा पाच-सहा डॉलरला पडतो.

स्कोपही (नेम धरायची दुर्बीण) तपासला. रायफल वाळूच्या पिशव्यांवर ठेवली, तिला हात न लावता डोकं डावी-उजवीकडे हलवलं. क्रॉसहेअर (स्कोपमधली नेमाची फुली) कागदावर जवळपास अर्धा इंच सरकत होती. स्कोपचा पॅरॅलॅक्स (डोकं हललं तरी फुली सरकू नये म्हणून केलेली जुळणी) १०० यार्डांसाठी लावलेला, मी मारतो ५० वर. ही चूक खरी होती. गाल दर वेळी एकाच जागी टेकवायची सवय लावली आणि ग्रुप (एका वेळच्या भोकांचा घोळका) थोडा सुधारला. दोन घोळके तसेच.

सांगलीला कॉलेजात एनसीसीत पॉइंट टू-टू डिलक्स मारायचो. ती बोल्टची, म्हणजे दर राउंडला हातानं बोल्ट ओढायची, सेमी-ऑटो नव्हे. उस्ताद घोकून घ्यायचे : मजबूत पकड, दुरुस्त शिस्त (म्हणजे नेम), दुरुस्त ट्रिगर ऑपरेशन. ग्रुप आल्याशिवाय झीरो करायला, म्हणजे नेम आणि भोक जुळवायला, ते हात लावू देत नसत. मीही स्कोपचे नॉब फिरवणं थांबवलं आणि फक्त ग्रुपकडे बघायचं ठरवलं. आणि 'पकड' माझी तपासून झाली होती, रायफलची तपासायची राहिली होती.

त्या रात्री मॅगझिन काढलं, बोल्ट मागे ओढून चेंबर (काडतूस बसतं ती जागा) डोळ्यांनी पाहिलं आणि रायफल उलटी करून टेबलावर घेतली. स्क्रूड्रायव्हर खाचेत टेकवला. जोर लावायच्या आधीच स्क्रू पाव फेरा फिरला. बाहेर काढला तर डोक्याखालच्या लाकडावर दबून काळसर, चकचकीत कडं पडलं होतं. रिसीव्हर बोटांनी हलवला तर दस्त्यात टक-टक वाजला. हिवाळाभर घरात हीटर चालू, हवा कोरडी, लाकूड आकसलं आणि स्क्रूची पकड गेली. दर राउंडला बोल्ट मागे जाऊन आपटायचा, रिसीव्हर एकदा इकडे बसायचा, एकदा तिकडे. दोन घोळके तिथून येत होते. बॅरलच्या ठोकळ्याचे स्क्रू आणि स्कोपच्या पट्टीचे चारही पाहिले, ते जागेवर होते.

स्क्रू हातानं गच्च आवळला. पुढच्या शनिवारी एकच घोळका, दीड इंच. एप्रिलमध्ये हा अनुभव लिहायला घेतला तेव्हा पहिलं वाक्य होतं : 'स्क्रू आवळा, पैसे वाचवा.' ते वाक्य आता खोडलंय.

कारण जुलैत दुसरंच सुरू झालं. पहिले पाच राउंड ठीक, पुढचे पाच थोडे वर, त्यापुढचे आणखी वर. वीस राउंडांत भोकांची उभी रांग झाली, दोन इंचांची. बॅरल गार झाली की पुन्हा खाली. क्लबात एक निवृत्त टूलमेकर आजोबा येतात. त्यांनी खिशातून डॉलरची कोरी नोट काढली आणि बॅरल व दस्ता यांच्या फटीत सरकवली. नोट रिसीव्हरपर्यंत विनाअडथळा जायला हवी. ती दस्त्याच्या टोकापासून दोन इंचांवर अडकली. ओहायोचा दमट उन्हाळा, लाकूड फुगलेलं, त्यात मी स्क्रू हातच्या अंदाजानं पिळलेला. दस्ता खालून बॅरलला दाबत होता, आणि बॅरल तापली की हा दाब बदलायचा.

आजोबांनी त्यांचा टॉर्क ड्रायव्हर (स्क्रू किती जोरानं आवळलाय ते इंच-पाऊंडांत दाखवणारा) आठवडाभर वापरायला दिला. माझा स्क्रू मोजला तर ३० च्या पुढे होता. दस्त्यातली बॅरल बसायची खाच बारीक सँडपेपर एका गोल दांडीला गुंडाळून घासली, थोडं घासायचं की नोट फिरवायची, पुन्हा घासायचं. मोकळी झाल्यावर उघड्या लाकडाला दोन हात वॉर्निश, नाहीतर पुढच्या पावसात तिथूनच ओल शिरते. मग १०, १५, २०, २५ अशा चार मापांवर प्रत्येकी चार ग्रुप, पाच-पाच राउंडांचे. ८० राउंड, दीड डब्याहून थोडे जास्त. १० वर दोन घोळके परत आले. २५ वर उभी रांग. १५ आणि २० दोन्ही चांगले, १५ थोडं सरस : चार ग्रुपांची सरासरी एक इंचाच्या जरा खाली. तुमच्या दस्त्याला दुसरं माप मानवेल, पण मोजून ठरवा. माझ्या मनगटाला १५ आणि ३० यांतला फरक कळत नव्हता.

साफसफाईबद्दल थोडक्यात. या रिसीव्हरची मागची बाजू बंद असते, त्यामुळे गज बॅरलच्या तोंडाकडूनच घालावा लागतो, आणि लोखंडी गजानं तोंडाची कडा खराब झाली की मग खरोखरच नवी बॅरल लागते. एनसीसीतला पुल-थ्रू (साफसफाईची दोरी) आणि चिंदीच बरी, चेंबरकडून घालायची आणि तोंडाकडून ओढायची. मी दर ५०० राउंडांनी एवढंच करतो. साफ केल्यावर पहिले दहा-पंधरा राउंड इकडेतिकडे जातात, तेवढे मोजायचे नाहीत. हातानं बोल्ट सोडून भरलेला पहिला राउंडही माझ्याकडे बहुतेक वेळा अर्धा इंच बाजूला पडतो. तो मी आता कागदाच्या कोपऱ्यात मारतो.

ट्रिगर मात्र मला अजून आवडत नाही. जड आहे, घसटत येतो. बदलायला ऐंशी-नव्वद डॉलर लागतील आणि ते मी सध्या घालणार नाही, कारण एक इंच आला तो याच ट्रिगरवर.

टॉर्क ड्रायव्हर शेवटी स्वतःचा घेतला, ५५ डॉलर. नवी बॅरल २५० ची होती. स्क्रूच्या डोक्यावरून शेजारच्या लाकडावर पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ मारून ठेवलीय, डोकं हललं तर रेघ तुटलेली दिसते. ऑक्टोबर संपता संपता हीटर सुरू झाला. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात रेघ केसभर सरकलेली दिसली, ड्रायव्हर लावला तर १२. पुन्हा १५ केला आणि त्याच शनिवारी ५० यार्डांवर पाच राउंड मारले : एकच घोळका, एक इंच.