सांगली ते दिल्ली ९ टन बेदाणा: पार्ट लोड, सहाचाकी का रिटर्न गाडी?

सावळजच्या मेव्हण्याचा परवा फोन आला, "दाजी, ६०० बॉक्स दिल्लीला टाकायचेत, गाडी कशी बघू?" पंधरा किलोचा बॉक्स म्हणजे ९ टन झाला आणि हे वजन असलं अडचणीचं आहे की ट्रान्सपोर्टवाला म्हणतो फुल गाडी घ्या, गाडीवाला म्हणतो भरत नाही, पार्ट लोडनं (इतरांच्या मालाबरोबर, किलोच्या भावानं) टाका. दोन टन असतं तर विचारायचं कारण नव्हतं, पार्ट लोड. अठरा टन असतं तरी नव्हतं, दहाचाकी. मधल्या वजनातच माणूस गंडतो, म्हणून त्याला फोनवर सांगितलं तेच इथं लिहितोय. रेट मी हिशोबाला धरलेले आहेत, तुम्ही भराल त्या दिवसाचे विचारून घ्या, पद्धत तीच राहते.

अंतर साधारण साडेसोळाशे किलोमीटर. सांगलीतून पेठनाक्याला चढलं की तिथून पुणे, भिवंडी, वापी, अहमदाबाद, उदयपूर, जयपूर असा दिल्लीपर्यंत ४८ नंबरचाच हायवे. माल उतरणार दिल्लीतल्या अलीपूर बाजूच्या कोल्ड स्टोरेजला, म्हणजे गाडी मानेसरवरून केएमपी (दिल्लीच्या बाहेरून जाणारा एक्सप्रेसवे) पकडून कुंडलीला उतरवायची, गुडगावच्या गर्दीत शिरायची गरजच नाही. हे आधी विचारून घ्या बरं का, कारण पार्टी खारी बावलीत (जुन्या दिल्लीतली बाजारपेठ) दुकानावर माल मागत असेल तर मोठी गाडी दिवसा तिथं जातच नाही, ट्रान्सपोर्टनगरला उतरवून छोट्या टेम्पोनं न्यावा लागतो आणि मग खालचा सगळा हिशोब बदलतो.

पहिला, पार्ट लोड. रेट ६ रुपये ५० पैसे किलो धरला तर ९,००० किलोचे ५८,५०० झाले. ऐकायला बरं वाटतं, पण हा भाव त्यांच्या सांगलीच्या गोदामापासून दिल्लीच्या गोदामापर्यंतचा. तिथून कोल्ड स्टोरेजपर्यंत टेम्पोचे किलोला ६० पैसे धरा, म्हणजे ५,४०० वाढले, एकूण ६३,९००, आणि बिल्टीचा (ट्रान्सपोर्टच्या पावतीचा) चार्ज, हमाली वेगळी. किलोला ७ रुपये १० पैशाच्या वर गेलं. शिवाय माल सांगलीत चढला, पुण्याला नाहीतर भिवंडीला उतरला, दुसऱ्या गाडीत चढला, दिल्लीत परत उतरला, टेम्पोत चढला. हळदीच्या पोत्याला चार वेळा हूक लागला तरी फार बिघडत नाही, पण बेदाण्याच्या बॉक्सचा कोपरा दबला की तिकडचा व्यापारी लगेच भाव पाडायला बसतो. शेजारी मिरची ठेवलीय का केमिकलचा ड्रम ते तुम्हाला कळत पण नाही. आठ ते दहा दिवस धरून चाला, आणि एप्रिलच्या उन्हात पत्र्याच्या गोदामात दोन दिवस बेदाणा पडून राहिला की हिरव्याचा तांबूस व्हायला वेळ लागत नाही.

पण पार्ट लोडला एक गोष्ट चांगली आहे, डोक्याला ताप नाही. बिल्टी हातात, ऑफिस ठरलेलं, फोन उचलणारं माणूस तिथंच बसलेलं. ज्याला पहिल्यांदाच माल पाठवायचाय आणि माल तीन-चार टनाच्या आत आहे त्यानं जास्त हुशारी करू नये, सरळ हेच करावं.

दुसरा, सहाचाकी फुल गाडी. नऊ-दहा टन आरामात बसतं. फिक्स भाडं ६०,००० धरा, थेट अलीपूरला, मध्ये हात लावायचं काम नाही. किलोला ६ रुपये ६७ पैसे. म्हणजे बोलताना पार्ट लोडपेक्षा महाग वाटलेली गाडी दारात पोचेपर्यंत स्वस्तच पडली. ६०,००० ला ७.१० नं भागा, साडेआठ टनाच्या आसपास उत्तर येतं, त्याच्या वर माल असेल तर पार्ट लोडचा विषय संपला. चार-पाच दिवसात गाडी लागते. भरतीच्या वेळची वाराई (माल चढवायची मजुरी) कुणी द्यायची, एवढं मात्र आधी बोलून घ्या, नाहीतर ड्रायव्हर फाळका (गाडीचं मागचं दार) लावायच्या वेळी वाद काढतो.

तिसरा, रिटर्न गाडी. ह्यातच खरी गंमत आहे आणि खरी भानगड पण ह्यातच. राजस्थानातून मार्बल, मोरबीवरून टाइल्स घेऊन आलेल्या आरजे (राजस्थान) नाहीतर एचआर (हरियाणा) पासिंगच्या गाड्या कुपवाड, मिरज, शिरोली भागात खाली होतात आणि त्यांना घरी जायचंच असतं. गाडीवाल्याचं गणित बघा, भरलेली दहाचाकी लिटरला चार किलोमीटर धरली तर ४१० लिटरच्या आसपास डिझेल, ९० रुपयानं सदतीस हजार, वर टोल, ड्रायव्हरचा भत्ता. रिकामा गेला तर ह्यातलं बरंचसं खिशातून, म्हणून खर्च निघून चार पैसे उरले तरी तो तयार होतो. समजा टनाला ३,७०० वर बोलणं झालं. पण गॅरंटी १८ टनाची असते! तुम्ही ९ टन भरा नाहीतर १८, पैसे १८ टनाचेच, म्हणजे ६६,६०० द्यायचे. मेव्हणा "३,७०० टन" ऐकून उड्या मारायला लागला होता, एकट्याला ते किलोला ७ रुपये ४० पैसे पडत होतं, तिन्हीत सगळ्यात महाग.

म्हणून जोड शोधायची. मार्केट यार्डात ह्या दिवसात हळद दिल्लीला जातच असते, एखाद्या अडत्याची ९ टन हळद मिळाली की अर्धं भाडं ३३,३००, दोन ठिकाणी उतरायचे जादा २,००० धरले तर तुमच्या वाट्याला हजार, झालं ३४,३००. किलोला ३ रुपये ८१ पैसे. सहाचाकीपेक्षा पंचवीस हजार वाचले राव. फक्त हळद केबिनकडं, बेदाणा फाळक्याकडं, मध्ये जाड प्लास्टिक, आणि अलीपूरचा पॉइंट आधी. हळदीची पूड बॉक्सवर बसली की बॉक्स पिवळे दिसतात आणि तिकडं भाव पाडायला तेवढं निमित्त पुरतं. गाडी भरायच्या आधी डाला (माल ठेवायचा भाग) झाडून घ्या, आधी सिमेंट होतं का खत ते विचारा, आणि भरती संध्याकाळी करा.

भानगड कुठं होते ते पण सांगतो. दोन वर्षांपूर्वी मी एका ब्रोकरकडनं अशीच स्वस्तातली गाडी लावली, ८० टक्के अ‍ॅडव्हान्स ब्रोकरच्याच खात्यावर टाकला, आणि गाडी जयपूरच्या अलीकडं एका ढाब्यावर दोन दिवस उभी. मालक म्हणतो मला फक्त डिझेलचे पैसे मिळालेत, बाकीचे येईपर्यंत गाडी हलणार नाही. ब्रोकरचा फोन बंद. शेवटी १५,००० परत घातले तेव्हा गाडी हलली, दोन वर्षात वाचवलेलं भाडं त्या दोन दिवसात गेलं. तेव्हापासून आरसीवर ज्याचं नाव त्याच्याच खात्यावर अ‍ॅडव्हान्स, ब्रोकरला फक्त त्याचं कमिशन, आणि बॅलन्स पोच पावती व्हॉट्सअ‍ॅपवर आल्यावर. आरसी, इन्शुरन्स, फिटनेस, नॅशनल परमिट हे एमपरिवहन अ‍ॅपवर पाच मिनिटात दिसतं, बघायचा कंटाळा करू नका.

दिल्लीचं अजून एक. १ नोव्हेंबर २०२५ पासून बाहेरच्या पासिंगच्या बीएस तीन (इंजिनाच्या धुराचं जुनं मानक) आणि त्याच्या खालच्या मालगाड्यांना दिल्लीत एन्ट्री नाही, बीएस चारला ३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच सवलत. रिटर्नला जुन्या गाड्या जास्त सापडतात, स्वस्त का मिळतेय ते इथंच कळतं कधी कधी.

ई-वे बिल (जीएसटीचं माल वाहतुकीचं ऑनलाइन कागद) तिन्हीला लागतं, ५०,००० च्या वरचा माल आहे. २०० किलोमीटरला एक दिवस ह्या हिशोबानं साडेसोळाशेला ९ दिवस मिळतात. फुल गाडीला भरपूर झाले, पार्ट लोडला कधी कधी अपुरे पडतात, आणि मध्ये गाडी बदलली की बिलाच्या पार्ट बी मध्ये गाडीचा नवीन नंबर पडला का ते ट्रान्सपोर्टला फोन करून विचारा. मुदत संपायच्या आधीचे आठ तास आणि नंतरचे आठ तास, एवढ्यातच ती वाढवता येते.

दहाचाकीत दोघांचा मिळून वीस-एकवीस टन कोंबायचा मोह होतो. २०१८ पासून दहाचाकीला गाडीसकट साडेअठ्ठावीस टनाची परवानगी आहे, म्हणजे आत साधारण अठरा. ओव्हरलोडला २०,००० दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २,०००, शिवाय जादा माल तिथंच उतरवायला लावतात. काट्याची पावती काढूनच गाडी सोडा.

विम्याचं बहुतेक जण सोडून देतात. कायद्यानं ट्रान्सपोर्टरची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच असते, बिल्टीवर जास्त किंमत लिहून जादा रिस्क चार्ज भरला असेल तरच त्याच्या वर. मेव्हण्याच्या वाट्याचं भाडं ३३,३००, दहापट म्हणजे तीन लाख तेहतीस हजार, आणि बेदाणा २०० रुपये किलो धरला तरी माल १८ लाखाचा. भाडं जेवढं स्वस्त तेवढी ही जबाबदारी पण कमी होत जाते, म्हणून रिटर्न गाडीला ट्रान्झिट पॉलिसी घ्यायचीच, वाचलेल्या पंचवीस हजारात ती आरामात बसते.

महिनाअखेर टाळता आली तर टाळा, साखर कारखान्यांचा महिन्याचा कोटा उचलायची घाई असते आणि सगळ्या गाड्या तिकडं पळतात.

मेव्हण्याला सांगितलंय, गुरुवारपर्यंत हळदीची जोड आणि बीएस सहाची रिटर्न गाडी दोन्ही जमलं तर तीच भर. नाही जमलं तर शुक्रवारी सकाळी सहाचाकी लाव, अजून दोन दिवस थांबून माल उन्हात ठेवू नको. काल रात्री त्याचा मेसेज आला, हळदवाला मिळाला पण त्याच्याकडं ११ टन आहे. मी म्हटलं दोन टन त्याला पार्ट लोडनं टाकायला सांग.